भिरंडाचा रंग काचेवर धरवायचा कसा? रंगाचा सोलर सेल पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एप्रिल संपत आला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात भिरंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, राशी लागतात आणि मला मेसेज यायला लागतात, "सर, भिरंडाच्या रंगावर सोलर सेल चालतो म्हणे, कसा करायचा?" चालतो. मुलांबरोबर मी तो बऱ्याच वेळा केलाय, बिघडवलाय पण तितक्याच वेळा, आणि दरवेळी तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण नव्वद टक्के लोक तिथेच फसतात. रंग लागणं वेगळं आणि रंग धरणं वेगळं. काचेवर दिलेला टायटॅनियम डायऑक्साईडचा पांढरा थर लाल दिसला म्हणजे काम झालं असं नाही. रंगाचा रेणू खालच्या टायटॅनियमला रासायनिक बंधाने चिकटलेला असला पाहिजे, नुसता वर बसलेला नको. कापड रंगवणारे आधी तुरटीच्या पाण्यात कापड बुडवतात ते कशाला? तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने धागा धरतं आणि दुसऱ्या हाताने रंग धरतं, म्हणून रंग धुतल्यावर जात नाही. आपल्याकडे ते काम टायटॅनियम करतं, फक्त इथे मध्यस्थ नाही, तो स्वतःच पृष्ठभाग आहे.

आता हे का लागतं ते थोडक्यात. टायटॅनियम डायऑक्साईड, यापुढे नुसतं टायटॅनिया म्हणतो, हा अर्धवाहक आहे पण त्याचा बँड गॅप, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणारी कमीत कमी ऊर्जा, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे त्याला फक्त अतिनील प्रकाश पकडता येतो, डोळ्याला दिसणारा प्रकाश तो सरळ परत पाठवतो आणि म्हणूनच तो पांढराशुभ्र दिसतो. मग प्रकाश पकडायचं काम रंगाला द्यायचं आणि इलेक्ट्रॉन वाहून न्यायचं काम टायटॅनियाला. रंगाच्या रेणूवर प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो, तिथून टायटॅनियात उतरतो, काचेवरच्या वाहक थरातून तारेत जातो, बाहेरचं काम करून दुसऱ्या काचेवर येतो, आणि मधलं आयोडीनचं द्रावण त्याला परत रंगाकडे पोचवतं. ही वाटणी करून सात टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळते हे १९९१ साली स्वित्झर्लंडच्या लोझानमधे ब्रायन ओ'रीगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी दाखवलं, म्हणून याला ग्रेट्झेल सेलसुद्धा म्हणतात.

चांगल्या रंगात तो इलेक्ट्रॉन उतरायला लागणारा वेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कितीतरी कमी असतो, आणि उलटा परत यायला त्याला त्या मानाने खूप जास्त वेळ लागतो. आपल्या खाजनातली मानस, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधातलं फळ्यांचं दार, आठवा, ओहोटीला पाणी बाहेर जातं आणि भरतीला फळ्या आपोआप मिटतात. बंध नीट बसला तर इलेक्ट्रॉनसाठी तसंच एका बाजूचं दार तयार होतं. रंग नुसताच वर बसलेला असेल तर दारच नाही, रेणूने पकडलेली ऊर्जा तिथल्या तिथे उष्णता होऊन संपते, आणि वर तो खालच्या चांगल्या रेणूंचा प्रकाश अडवतो ते वेगळंच.

काय काय लागेल

एफटीओ काच, म्हणजे एका बाजूला फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साईडचा वाहक थर असलेली, अडीच बाय अडीच सेंटिमीटरचे दोन तुकडे. आयटीओ (इंडियम टिन ऑक्साईडची) काच स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका, ४५० अंशांना भाजल्यावर तिचा रोध वाढतो. टायटॅनियाची पावडर पी२५ नावाची घ्या, कण साधारण २१ नॅनोमीटरचे असतात. रंगाच्या दुकानातला पांढरा टायटॅनियम बिलकुल नको, त्याचे कण दहापट मोठे असतात आणि वर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा लेप असतो, म्हणजे पृष्ठभाग पण कमी आणि तो पण झाकलेला, तिथे रंग धरणार कशाला? बाकी खल-बत्ता, सेलोटेप, काचेची कांडी, मल्टीमीटर, बाइंडर क्लिपा, ६बी पेन्सिल, पोटॅशियम आयोडाईड, आयोडीन, इथिलीन ग्लायकॉल आणि थोडं अल्कोहोल. पावडर नाकात जाते, मास्क लावा. आयोडीनला हातमोजे, आणि ग्लायकॉल विषारी आहे, ते घरच्या स्वयंपाकघरात नेऊच नका.

पांढरा थर

तीन ग्रॅम पावडर खलात घ्या आणि साधारण साडेचार मिलिलिटर सौम्य ॲसेटिक ॲसिड, पीएच ३ ते ४ च्या मधलं, थोडं थोडं घालत घोटा. थोडं पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर पण चालतं. एकदम सगळं ओतलंत तर गुठळ्या होतात आणि मग त्या काही केल्या फुटत नाहीत, म्हणून अर्धा मिलिलिटर घाला, घोटा, परत घाला, असं वीस मिनिटं तरी. ॲसिड का, तर त्याने कणांवर धन प्रभार येतो आणि कण एकमेकांना दूर ढकलतात. शेवटी भांडी घासायच्या रंगहीन लिक्विडचा एक थेंब, पण आता जोरात ढवळू नका, फेस होईल. पेस्ट ऑइलपेंटसारखी वाहती हवी.

काचेची कुठली बाजू वाहक ते मल्टीमीटरने बघा, जिकडे दहा ते तीस ओहम दाखवेल ती. ती वर ठेवून तीन कडांना सेलोटेप लावा, टेपची जाडी हीच आपल्या ओल्या थराची जाडी. पेस्टचे दोन-तीन थेंब टाका आणि कांडीने एका झटक्यात खाली ओढा, मग वर, बस्स. परत परत फिरवत बसलात तर रेघा उठतात. वाळू द्या, टेप काढा.

मग ४५० अंशांना अर्धा तास भाजायचं, मफल फर्नेसमधे (लॅबमधली बंद भट्टी) किंवा तेवढं तापणाऱ्या हॉट प्लेटवर. इथे डोळे उघडे ठेवा कारण बघण्यासारखं असतं. थर आधी पिवळट होतो, मग तपकिरी, म्हणजे लिक्विड आणि ॲसिडचे अवशेष जळतायत, आणि थोड्या वेळाने तो परत पांढरा होतो. पांढरा झाला म्हणजे आतला कचरा जळाला आणि कण एकमेकांना आणि काचेला जोडले जायला लागले. काच झटकन बाहेर काढू नका, तडकते, तिथेच हळूहळू गार होऊ द्या.

एका जुलैत आमचा थर तपकिरी असतानाच करंट गेला आणि तासभर आलाच नाही. मुलांना घाई होती, मलाही होती, म्हटलं चालेल, आणि आम्ही तसाच रंगात टाकला. रंग मस्त चढला. धुवायला घेतल्यावर मात्र थराच्याच खपल्या निघाल्या, जांभळ्या खपल्या पाण्यात तरंगतायत आणि काच लख्ख कोरी. तेव्हापासून नियम असा की पांढरा झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, करंट आल्यावर परत भाजायचं.

एक हिशोब मुलांना मी नेहमी करायला लावतो. दहा मायक्रॉन जाडीचा, निम्मा पोकळ असा थर एक चौरस सेंटिमीटरवर घेतला तर त्यात साधारण दोन मिलिग्रॅम टायटॅनिया असतं. पी२५ चा पृष्ठभाग एका ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर. म्हणजे दोन मिलिग्रॅमला ०.१ चौरस मीटर, म्हणजेच १००० चौरस सेंटिमीटर. नखाएवढ्या जागेत दीड ए-फोर कागदाइतका पृष्ठभाग! हे का महत्त्वाचं, तर सपाट पृष्ठभागावर रंगाचा एकच थर असेल तर तो जेमतेम एखादा टक्का प्रकाश पकडतो, आणि दुसरा थर त्याच्यावर चढवून फायदा नाही कारण तो टायटॅनियाला टेकतच नाही. म्हणून थर एकच ठेवायचा आणि पृष्ठभागच हजारपट करायचा.

कुठला रंग धरतो आणि का

लोक बाजारातून दिसेल ते लाल-जांभळं उचलून आणतात. थांबा. रंग कुठला यापेक्षा त्या रेणूला हात आहेत का ते बघायचं. हात म्हणजे टायटॅनियमला धरू शकणारे गट. सगळ्यात भरवशाचा कार्बॉक्सिल (COOH) गट, आणि दुसरा म्हणजे बेंझिनच्या कड्यावर शेजारी-शेजारी बसलेले दोन हायड्रॉक्सिल (OH), ते चिमट्यासारखे टायटॅनियमला पकडतात.

भिरंडातला रंग मुख्यतः सायनिडिन या रंगद्रव्याचे ग्लायकोसाईड (साखर जोडलेली रूपं), आणि सायनिडिनला हा चिमटा आहे. जास्वंदीच्या लाल फुलातही सायनिडिनच. जांभळात मिश्र माल असतो, त्यात डेल्फिनिडिन आणि पेट्युनिडिन धरतात पण माल्व्हिडिनच्या हायड्रॉक्सिलच्या दोन्ही बाजूंना मिथॉक्सी (OCH₃) गट बसलेले असतात त्यामुळे चिमटाच होत नाही, तो धुतल्यावर निघून जातो. तांबड्या भाजीचा (लाल माठाचा) रंग निराळ्या घराण्यातला, बीटाच्या, त्याला कार्बॉक्सिल आहेत म्हणून तोही धरतो, पण तो उष्णतेने मरतो, भाजी उकळून रंग काढू नका, थंड पाण्यातच कुस्करा. आणि हिरवी पानं वाटून लावायची हौस खूप जणांना असते, झाडं प्रकाशावरच जगतात ना म्हणून, पण हरितद्रव्याच्या रेणूत कार्बॉक्सिलच्या जागा एस्टरने बंद केलेल्या असतात, तो सरळ लावला तर फार कमी धरतो.

भिरंडाची एक अडचण मात्र सांगायलाच हवी. त्यात हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड भरपूर, आणि त्यालाही कार्बॉक्सिल आहेत. म्हणजे तेही त्याच जागांवर जाऊन बसतं आणि रंगाची जागा अडवतं. दुसऱ्या बाजूने आंबटपणामुळे रंग लाल आणि टिकाऊ राहतो, म्हणजे ते पूर्ण काढूनही टाकायचं नाहीये. माझा उपाय साधा, एकदा बुडवून ठेवण्यापेक्षा दोनदा बुडवायचं, मधे धुऊन, आणि दुसऱ्यांदा ताजा रंग घ्यायचा. शेजारी जास्वंदीची एक काच करून बघा, तुलना करायला मजा येते.

एक वर्ष भिरंडां संपली होती म्हणून आम्ही घरचा आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, वापरला. आगळात मीठ, आणि मीठ म्हणजे थराच्या बारीक भोकांत बसणारे स्फटिक. काच फिकट गुलाबी झाली आणि दुसऱ्या पाण्यातच पांढरी. कोकम सरबताची बाटली तर नकोच नको, साखरेचा पाक. ताज्या फळाची सालं घ्या, किंवा मीठ न लावता वाळवलेली सोलां.

दहा ग्रॅम सालं बारीक चिरून ४० मिलिलिटर अल्कोहोल आणि १० मिलिलिटर पाण्यात रात्रभर अंधारात ठेवा, मग आधी फडक्यातून आणि नंतर फिल्टर पेपरमधून गाळा. दरवर्षी कोणीतरी विचारतंच की फेणी चालेल का, फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, रंग उतरेल पण पाणी जितकं कमी तितकं बरं.

रंगात बुडवणं

पावसात आपल्याकडे हवेत इतकी ओल की भाजलेला थर टेबलावर ठेवला तरी पाणी ओढून घेतो, आणि पाण्याने भरलेल्या जागेवर रंगाला बसायला त्रास होतो. म्हणून भाजून गार होताना साधारण ८० अंशांवर आला की लगेच रंगात सोडायचा, त्याहून गरम नको, अल्कोहोल आहे, आणि जवळपास ज्योत अजिबात नको. आधीच केलेली काच असेल तर ती बुडवण्यापूर्वी परत तापवून घ्या. तोंड वर करून बुडवा, झाकण ठेवा, वर काळा कागद गुंडाळा. भिरंडाला तासभर पुरतो, मी रात्रभर ठेवतो.

आता बघा काय होतं. द्रावण लाल आहे, पण काच जांभळटपणाकडे झुकते. हा रंगबदल म्हणजे सायनिडिनने टायटॅनियमला धरल्याची खूण, बंध झाल्यामुळे रेणूचं प्रकाश शोषणच लांब तरंगलांबीकडे सरकतं. काच नुसतीच लाल राहिली असेल तर मला शंका येते.

मग खरी परीक्षा, तीन पेले. पहिल्यात पाणी, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात अल्कोहोल. पहिलं पाणी लाल होणारच, घाबरू नका. दुसरं जेमतेम गुलाबी. तिसऱ्यात अल्कोहोल स्वच्छ राहिलं पाहिजे आणि थर तसाच जांभळा. आणि त्याच काचेवर आपली तुलनाही तयार असते, टेपखाली राहिलेली कोरी कड. तीही तेवढाच वेळ रंगात होती, पण तिच्यावरचा रंग पहिल्याच पाण्यात जातो आणि दोन मिलिमीटर शेजारी थर गडदच राहतो. पहिल्यांदा ही रेघ बघितली तेव्हा मी ती काच खिडकीकडे धरून किती वेळ बघत बसलो होतो, रसायनशास्त्रातला बंध इतका उघडाउघडा डोळ्याला दिसायची वेळ फार कमी येते.

धुवून झाल्यावर टिपकागदाने कडा टिपा, थराला बोट लावू नका, आणि तासाभरात सेल जोडून टाका.

जोडणी आणि माप

दुसऱ्या काचेच्या वाहक बाजूवर ६बी पेन्सिलीने दाट काळं करा किंवा मेणबत्तीची काजळी धरा. दोन्ही काचा तोंडाला तोंड, पण थोड्या सरकवून, म्हणजे दोन्हीकडे क्लिप लावायला कड उघडी राहते. बाइंडर क्लिपांनी दाबा. द्रावण म्हणजे इथिलीन ग्लायकॉलमधे अर्धा मोलर पोटॅशियम आयोडाईड आणि ०.०५ मोलर आयोडीन. कडेला एक-दोन थेंब सोडा, ते आपोआप आत ओढलं जातं, काजळीपर्यंत ओल पोचताना दिसते. कडेचं जास्तीचं पुसून घ्या नाहीतर शॉर्ट होईल. मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन वापरून पण सेल चालतो पण त्यातलं अल्कोहोल उडून जातं आणि पाणी रंग सोडवतं, दाखवण्यापुरतं ठीक.

मल्टीमीटरची काळी तार टायटॅनियाच्या काचेला, लाल तार पेन्सिलवाल्या काचेला, आणि ऊन टायटॅनियाच्या बाजूने आत शिरलं पाहिजे. उघड्या उन्हात ०.३ ते ०.५ व्होल्ट मिळाले तर छान, करंट एका चौरस सेंटिमीटरला मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी. वर हात धरा, आकडा पडला पाहिजे. मग रंग न लावलेली एक पांढरी काचही तशीच जोडून मोजा, तीही थोडा करंट देते कारण उन्हात अतिनील असतं, आणि या दोन आकड्यांतला फरक म्हणजे आपल्या रंगाची खरी कमाई. हा फरक न काढता कोणी नुसता व्होल्टेज सांगितला तर माझ्या लेखी ते माप अर्धवट. भाजीफळांच्या रंगांची कार्यक्षमता बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आतच राहते, त्यावर पंखा फिरायचा नाही.

पुढे कॉलेजच्या किंवा युनिव्हर्सिटीच्या लॅबमधे जाणाऱ्यांसाठी

तिथे बाटलीतले रंग मिळतील, रुथेनियमचा एन७१९ किंवा धातूविरहित सेंद्रिय रंग, उदाहरणार्थ डी१४९, आणि बऱ्याच सेंद्रिय रंगांत पकडीसाठी सायनोॲक्रिलिक ॲसिड असतं. पद्धत तीच, पण शिस्त जास्त. द्रावण ०.३ ते ०.५ मिलिमोलर, एन७१९ साठी ॲसिटोनायट्राइल आणि टर्ट-ब्युटेनॉल निम्मं-निम्मं, अंधारात रात्रभर. सेंद्रिय रंगांचे चपटे रेणू एकमेकांवर रचून बसतात, मग ते आपसातच ऊर्जा घालवतात, म्हणून सोबत किनोडीऑक्सिकोलिक ॲसिड घालतात, ते मधेमधे बसून त्यांना वेगळं ठेवतं. भिरंडातलं ॲसिड जागा अडवतं म्हणून आपण वैतागतो आणि इथे मुद्दाम जागा अडवणारं घालायचं, प्रमाणाचा खेळ आहे सगळा.

पकड किती टिकते हेही गटावर अवलंबून. कार्बॉक्सिलची पकड पाण्यात आणि विशेषतः अल्कलीत सुटते, फॉस्फोनिक ॲसिडची पाण्यात जास्त टिकते, सिलिलची (सिलिकॉनवाल्या गटाची) आणखी घट्ट. २०१५ साली जपानमधे १४ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता गेलेल्या सेलमधे एक रंग अल्कॉक्सिसिलिल पकडीचाच होता. किती रंग बसला ते मोजायला हीच सुटण्याची खोड कामाला येते: एन७१९ ची काच सौम्य सोडियम हायड्रॉक्साईडमधे धरली की रंग सगळा द्रावणात उतरतो, त्याचं शोषण स्पेक्ट्रोमीटरवर घ्या आणि रेणू मोजा. भिरंडाला ही युक्ती लावू नका, अल्कलीत त्याचा रंगच बदलतो आणि तुटतो.

आणि झिंक ऑक्साईडवर हा प्रयोग करायचा असेल तर भिरंड बाजूला ठेवा, झिंक ऑक्साईड ॲसिडमधे विरघळतं, थर रंगण्याऐवजी झिजतो.

काचा फेकू नका, एफटीओ महाग आहे. सेल उघडा, आयोडीन अल्कोहोलने नीट धुवा, थर वाळवा आणि परत ४५० ला अर्धा तास भाजा. रंग जळून जातो, थर पुन्हा पांढरा होतो. आमच्या दोन काचा अशाच चौथ्या वर्षी चालू आहेत, मे अखेरीला जांभळं येतील तेव्हा त्याच परत बुडवणार.